वाटणीत हिस्सा १/१२ लिहायचा की ०.०८? अपूर्णांक आणि दशांशाचा घोळ

वरचा_वाडा

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातले आमचे जुने घर आणि भोवतालचे भाट (माडांची बागायत) यांच्या वाटणीचे कागद सध्या चालू आहेत. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) क्षेत्र ०.१२.५० असे आहे. मृत्युपत्र कुणीच केलेले नाही. लग्ने सगळी आपल्या नेहमीच्या सामायिक मालमत्तेच्या पद्धतीची, म्हणजे नवरा-बायकोचे निम्मे निम्मे.

वकिलांनी तोंडी सांगितलेला क्रम असा. आजोबा गेले तेव्हा अर्धे आजीचे होतेच. उरलेले अर्धे काका, आत्या आणि बाबा या तिघांत. बाबांच्या वाट्याला आलेल्यात आईचा निम्मा. मग बाबा गेले, त्यांचा निम्मा माझ्यात आणि भावात. त्यानंतर आजी गेली. तिच्या अर्ध्याचे पुन्हा तीन भाग झाले, त्यातला बाबांचा भाग थेट आम्हा दोन भावंडांना आला. काका-काकूंचा हिस्सा एकत्रच धरलाय, आत्या अविवाहित आहे.

कच्चा मसुदा टाइप होऊन आला त्यात हिस्से असे आहेत: काका-काकू ०.३३, आत्या ०.३३, आई ०.०८, मी ०.१३, भाऊ ०.१३. बेरीज बरोब्बर १.०० येते. पण आत्याने चष्मा लावून कागद पाहिला आणि म्हणाली, "माझा तिसरा हिस्सा खंय गेलो?" तिला मसुदा मान्य नाही. ती गावातल्या मराठी शाळेत शिकलेली, पावकी, पाऊणकी, सवायकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून तोंडपाठ. तिच्याशी हिशोबात कोण वाद घालणार!

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, हे हिस्से दशांशात लिहिणे योग्य आहे का. दोन, अपूर्णांकातून दशांशात आणि दशांशातून अपूर्णांकात नेमके कसे जायचे, कारण शाळेत केलेले सगळे पुसले गेलेय.

दीडशहाणा

बेरीज १.०० आली ना? मग भांडण कसले? पैशालाही दोनच दशांश स्थळे असतात. आत्याला एक कप चहा करून द्या.

मास्तर_डिचोली

दीडशहाणे, चहा तुम्हीच घ्या आणि जरा बसा.

बेरीज बरोबर आली म्हणजे वाटे बरोबर आले असे होत नाही. आधी वरचा_वाडा यांचे हिस्से मुळापासून काढू.

आजोबा गेल्यावर आजी १/२, आणि तिघा मुलांचे प्रत्येकी १/२ × १/३ = १/६. बाबांच्या १/६ पैकी निम्मे आईचे, म्हणजे १/१२. बाबांचे १/१२ दोन मुलांत, म्हणजे प्रत्येकी १/२४. मग आजीचे १/२ तीन ठिकाणी, प्रत्येकी १/६. काकांचे १/६ + १/६ = १/३. आत्याचेही १/३. बाबांच्या जागी आलेल्या तुम्हा दोघांना त्या १/६ मधले प्रत्येकी १/१२. म्हणजे तुमचा हिस्सा १/२४ + १/१२ = ३/२४ = १/८. भावाचाही १/८. आईला आजीच्या भागातून काही नाही, ती १/१२ वरच राहते.

सगळ्यांचा छेद २४ करा: ८ + ८ + २ + ३ + ३ = २४. झाले. याच्या पुढे वाद घालायला जागाच नाही.

आता मसुद्यातले दशांश पाहा. उतारा ०.१२.५० म्हणजे ० हेक्टर, १२ आर, ५० चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौ. मी., म्हणून एकूण १२५० चौ. मी. आत्याचा खरा वाटा १२५० ÷ ३ = ४१६.६७ चौ. मी. मसुद्याप्रमाणे १२५० × ०.३३ = ४१२.५. आत्याचे चार चौरस मीटरहून थोडे जास्त गेले. काकांचे तितकेच. आईचा खरा वाटा १०४.१७, मसुद्याने १००. तिचेही तितकेच गेले. तुमचा आणि भावाचा खरा वाटा १५६.२५, मसुद्याने १६२.५. तिघांचे मिळून साडेबारा चौ. मी. गेले ते तुम्हा दोघा भावंडांकडे सव्वासहा-सव्वासहा करून आले. बेरीज १.०० जुळली कारण एकाची तूट दुसऱ्याच्या वाढीने भरली.

गणित म्हणून हे फारच सुबक उदाहरण आहे. उद्या वर्गात घेतो (नावे न सांगता).

दीडशहाणा

मागे घेतो. आत्याला नमस्कार सांगा.

वरचा_वाडा

अरे देवा! म्हणजे फायदा आमचाच होत होता. बरे झाले आत्याने पकडले, नाहीतर पुढची वीस वर्षे गणेश चतुर्थीला ऐकावे लागले असते.

मास्तर, पण एक विचारते. माझे १/८ म्हणजे कॅल्क्युलेटरवर ०.१२५ येऊन थांबते. आईचे १/१२ म्हणजे ०.०८३३३३ असे चालूच राहते. एक थांबतो आणि एक थांबत नाही, हे आधीच कळते का?

मास्तर_डिचोली

कळते. भागाकार न करताही कळते.

अपूर्णांक आधी संक्षिप्त रूपात आणा, म्हणजे अंश आणि छेद यांना त्यांच्या मसाविने भागून घ्या. मग छेदाचे मूळ अवयव पाडा. त्यात फक्त २ आणि ५ असतील तर दशांश रूप खंडित असते, कुठेतरी थांबते. तिसरा कोणताही मूळ अवयव राहिला, ३, ७, ११ काहीही, तर दशांश रूप अखंड आवर्ती असते.

कारण साधे आहे. थांबणारा दशांश म्हणजे छेदस्थानी १०, १००, १००० असा अपूर्णांक. १० चे अवयव २ आणि ५ एवढेच. ८ ला १२५ ने गुणले की १००० होतात, म्हणून १/८ = १२५/१०००. पण १२ ला कोणत्याही पूर्ण संख्येने गुणा, १० चा घात कधीच मिळणार नाही, कारण आतला ३ जात नाही.

किती स्थळांनी थांबेल तेही सांगता येते. छेदात २ आणि ५ यांपैकी जो जास्त वेळा आला असेल तितकी स्थळे. ८ = २ × २ × २, म्हणून तीन. ४० मध्ये २ तीनदा आणि ५ एकदा, म्हणून १/४० = ०.०२५, तीनच. १/१६ = ०.०६२५, चार.

"आधी संक्षिप्त रूप" हे मुद्दाम म्हणतोय, कारण मुले तिथेच घसरतात. तुमचा हिस्सा ३/२४ होता. २४ मध्ये ३ दिसतो म्हणून "थांबणार नाही" असे उत्तर दिले तर चुकले. तो ३ अंशातल्या ३ बरोबर कटला आणि उरला ८.

न थांबणाऱ्यांत किती आकडे फिरून फिरून येतील यालाही मर्यादा आहे. ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच राहणार. सहा पायऱ्यांत एखादी बाकी पुन्हा येणारच आणि ती आली की तेच आकडे पुन्हा सुरू. १/७ = ०.१४२८५७ १४२८५७… सहाच्या सहा. १/१३ ला बारापर्यंत मुभा आहे पण तो सहातच आटोपतो. १/१७ मात्र पूर्ण सोळा घेतो.

काणकोणचा_रंधा

आम्ही सुतार लोक हे रोज करतो, फक्त नाव घेत नाही.

पणजीहून आर्किटेक्टचे नकाशे येतात, मापे इंचात पण दशांशात. कपाटाचे दार २३.६२५ इंच. माझ्या टेपवर इंचाचे आठ भाग, म्हणजे आठ सूत. दशांश चिन्हाच्या उजवीकडचे घ्यायचे आणि ८ ने गुणायचे. ०.६२५ × ८ = ५. तेवीस इंच पाच सूत. कापले.

०.७ आले तर? ०.७ × ८ = ५.६. अर्ध्या सुतापर्यंत जायचे असेल तर १६ ने गुणायचे, ११.२ येते, म्हणजे ११/१६, साडेपाच सूत आणि केसभर. करवतीची फाळच त्याच्यापेक्षा जाड असते, म्हणून चालते. दारात चालते, बरे का. आत्याच्या भाटात चालणार नाही.

उलट जायचे तर सुतांना ८ ने भागायचे. ३ सूत म्हणजे ०.३७५. इंच नेमका २५.४ मिलिमीटर, म्हणून ३ सूत ९.५२५ मिमी. सळईवाला त्यालाच १० ची सळई म्हणतो आणि चार सुतीला, जी खरे तर १२.७ होते, तिला १२ ची म्हणतो. एकीकडे वर, दुसरीकडे खाली. हिशोब करायला बसलात तर डोके धरून बसाल.

सांतिनेजची_आई

मध्येच घुसते, माफ करा. लेक सातवीत. २.३५ चे व्यवहारी अपूर्णांकात रूपांतर करा असे आहे. तिने २/३५ लिहिले. आणि १/४ चे दशांश रूप १.४ लिहिले. तिचे म्हणणे, रेघेच्या जागी टिंब आले की झाले! शिवाय ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठे, कारण पस्तीस चारपेक्षा मोठे. मी समजावले, पण माझाच आवाज चढतो.

मास्तर_डिचोली

बाई, आवाज चढवू नका. ही चूक दर वर्षी निम्म्या वर्गाची असते आणि तिच्यामागे मुलाचा एक नियम असतो. नियम चुकीचा असतो, मूल मठ्ठ नसते.

तिला पैशातून आणा. ०.४ रुपये म्हणजे किती पैसे? चाळीस. ०.३५ म्हणजे पस्तीस. मग ०.४ च्या पुढे शून्य देऊन ०.४० लिहायला लावा, स्थळे सारखी झाली की तुलना आपोआप होते. १/४ रुपया म्हणजे चार जणांत एक रुपया, पंचवीस पैसे, ०.२५. १.४ म्हणजे एक रुपया चाळीस पैसे. "एक रुपया चौघांत वाटला आणि प्रत्येकाला रुपयाहून जास्त मिळाले?" एवढाच प्रश्न विचारा आणि गप्प बसा.

२.३५ साठी: उजवीकडे दोन आकडे, म्हणून छेद १००. २३५/१००. दोन्हींना ५ ने भागा, ४७/२०. पूर्णांकयुक्त रूपात २ पूर्णांक ७/२०. पूर्णांक २ सुरुवातीलाच बाजूला ठेवला तर काम आणखी सोपे: ३५/१०० = ७/२०.

शेट_मडगाव

सोनाराच्या दुकानात बसतो म्हणून दोन शब्द.

२२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोने. २२/२४ = ११/१२. छेदात ३ आहे, म्हणजे मास्तरांच्या नियमाने थांबणार नाही: ०.९१६६६६… हजारात सांगायचे तर ९१६ आणि वर दोन तृतीयांश. हॉलमार्कवर ९१६ असते ते इथून आले. शाळेतल्या पद्धतीने पूर्ण केले असते तर ९१७ झाले असते, पण शिक्का ९१६ चा.

१८ कॅरेट म्हणजे १८/२४ = ३/४, छेद ४, नेमके ७५०. तिथे वादच नाही. १४ कॅरेट १४/२४ = ७/१२ = ०.५८३३३…, पण शिक्का ५८५ चा असतो, म्हणजे अपूर्णांकाने येते त्याच्याहून थोडे जास्त. गिऱ्हाईक विचारते, "शेट, चौदा भागिले चोवीस केले तर ५८३ येतात, मग हे काय?" त्याला सांगतो, तुझ्या फायद्याचे आहे, घे.

वरचा_वाडा

शेट, आता उलट जायचे ते सांगा कुणीतरी. समजा माझ्याकडे नुसते ०.५८३३३… आहे, तर ७/१२ कसे काढायचे? २.३५ सारखे थांबणारे समजले. न थांबणाऱ्याचा छेद काय धरायचा?

मास्तर_डिचोली

फिरणारा भाग वजाबाकीने उडवायचा.

सोपे आधी. क = ०.२७२७२७… दोन आकडे फिरतात म्हणून १०० ने गुणा: १००क = २७.२७२७२७… वजा करा. शेपटी दोन्हीकडे सारखी, ती उडाली. ९९क = २७, म्हणून क = २७/९९ = ३/११. जितके आकडे फिरतात तितके ९ छेदात.

आता शेटचे. क = ०.५८३३३… यात ५८ फिरत नाहीत, नुसता ३ फिरतो. दोन गुणाकार घ्या. १०००क = ५८३.३३३… आणि १००क = ५८.३३३… वजा केल्यावर ९००क = ५२५. क = ५२५/९००, दोन्हींना ७५ ने भागा, ७/१२. छेद लिहायची रीत दिसली ना? फिरणाऱ्या प्रत्येक आकड्याला एक ९, आणि आधीच्या न फिरणाऱ्या प्रत्येकाला एक ०.

तुमच्या आईचे ०.०८३३३… याच रीतीने: ८३ वजा ८, म्हणजे ७५, छेद ९००. ७५/९०० = १/१२.

दीडशहाणा

मग ०.९९९९… ला हीच रीत लावली तर ९/९ = १? म्हणजे ०.९९९… आणि १ एकच? मला पटत नाही, केसभर तरी फरक असणारच.

मास्तर_डिचोली

केसभर म्हणजे किती ते सांगा. तुम्ही कोणताही फरक सांगा, मी पुरेसे ९ लिहून त्याच्या आत जातो. १/३ = ०.३३३… तुम्हाला मान्य आहे, त्याला ३ ने गुणा. यावर वेगळा धागा काढा, इथे आत्याचे काम चालू आहे.

जुना_दप्तरदार

या चर्चेत गोव्याची एक गंमत राहून जातेय.

ब्रिटिश हिंदुस्थानात रुपयाचे सोळा आणे, तसे आपल्याकडे पोर्तुगीज काळात एका रुपियाचे सोळा तांगे आणि एका तांग्याचे साठ रैस. सोळा म्हणजे चार वेळा दोन. त्यामुळे अर्धा, पाव, अर्धपाव, छटाक सगळे तोंडी जमायचे, दशांशाची गरजच पडायची नाही. पावकी, पाऊणकी ही कोष्टके याच जगातली. आत्याबाईंची औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तिथलीच.

मग १९५८ च्या सुमारास इथे एस्कुदो आले, एका रुपियाचे सहा एस्कुदो, आणि एस्कुदोचे शंभर सेंताव्ह. आता करा हिशोब. एक तांगा म्हणजे ६/१६ एस्कुदो = ३/८ = ०.३७५, साडेसदतीस सेंताव्ह! छेद आठ म्हणून दशांश थांबतो तरी, पण तिसऱ्या स्थळावर, आणि अर्धा सेंताव्ह देणार कसा?

तिकडे भारतात १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. एक आणा म्हणजे नेमके ६.२५ नवे पैसे. ठरवून दिलेल्या कोष्टकात एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९, चारला २५ पैसे. म्हणजे एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४, एकदम घेतल्या तर २५. तुमच्या मसुद्यातला घोळ तोच, तिथे एका पैशाचा होता, इथे जमिनीचा आहे. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, त्यामुळे भारतीय रुपया आला तोवर इथली माणसे शंभराच्या हिशोबाला थोडीफार सरावली होती.

आणखी एक, वरचा_वाडा यांच्या कामाचे. जुने पोर्तुगीज कागद काढावे लागले तर चिन्हांकडे लक्ष द्या. त्यांच्याकडे दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब. "१.२५०,००" म्हणजे एक हजार दोनशे पन्नास. ते सव्वा म्हणून वाचले तर अख्खे भाट खिशात मावेल.

(अवांतर: युरोपात दशांश अपूर्णांकांचा प्रसार झाला तो सिमोन स्टेव्हिन या फ्लेमिश माणसाच्या १५८५ मधल्या छोट्या पुस्तिकेनंतर. त्याच्या लिखाणात दशांश चिन्ह नव्हते, प्रत्येक आकड्याशेजारी वर्तुळात स्थळाचा क्रमांक असायचा. तोवर पोर्तुगीजांना तिसवाडीत येऊन पंच्याहत्तर वर्षे झाली होती.)

सिली_पॉइंट

दप्तरदारकाका, टिंबाचा विषय निघालाच आहे तर. टिंब दिसले म्हणजे दशांशच, असे नसते.

४.३ षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू. षटकात सहा चेंडू, म्हणून खरे ४ ३/६ = साडेचार, ४.५. धावगती काढताना २७ धावांना ४.३ ने भागले तर ६.२८ येते, खरी गती ६. आमच्या वाड्यावरच्या स्पर्धेत एका संघाला यावरून उपांत्य फेरी मिळाली होती, पुढचे सांगत नाही.

एक-चौदाच्या उताऱ्यातही दोन टिंबे आहेत. ०.१२.५० ला दुसरे टिंब काढून ०.१२५० हेक्टर म्हटले तर बरोबर येते, कारण हेक्टर, आर, चौरस मीटर सगळे शंभराच्या पटीत. पण कुणी ०.१२.५ असे लिहिलेले असले तर? ते बारा आर पाच चौरस मीटर, १२०५. दशांशात शेवटचे शून्य असले-नसले तरी फरक पडत नाही, इथे पंचेचाळीस चौरस मीटर पडतो. कागदावर ०५ की ५० ते बोट ठेवून वाचा.

खंबा_क्वार्टर

आणि बारमधली क्वार्टर? १८० मिलि. खंबा ७५० चा. चार क्वार्टर म्हणजे ७२०. १८०/७५० = ६/२५ = ०.२४. पाव नाहीच! ३० मिलि कुठे गेले याचा शोध मी अनेक संध्याकाळी घेतलाय.

वरचा_वाडा

😂 तुम्ही शोध चालू ठेवा.

एक तांत्रिक अडचण. भावाने हे सगळे एक्सेलमध्ये घालायला घेतले. १/८ टाइप केले की तारीख होते! आणि दुसरे, मसुदा करणाऱ्याकडे म्हणे चार स्थळांपर्यंतचे आकडे आहेत, ०.०४१७ वगैरे. ते कशाचे आहेत हे उलटे ओळखायचे कसे? ते काही आवर्ती म्हणून लिहिलेले नाहीत, मध्येच कापलेले आहेत.

पर्वरी_आयटी

तारीख होऊ नये म्हणून आधी शून्य, मग एक मोकळी जागा, मग १/८. किंवा सरळ =१/८ असे सूत्र द्या. एक्सेलमध्ये पेशीला अपूर्णांकाचे स्वरूप देता येते, पण त्यावर डोळे मिटून विश्वास नको. छेद एकअंकी ठेवायला सांगितले तर तो ०.१७ ला १/६ दाखवील, आत मात्र ०.१७ च राहील. दिसते ते आणि असते ते वेगळे.

माझी सूचना: हिस्स्याचे दोन स्तंभ ठेवा, एकात अंश आणि दुसऱ्यात छेद २४. क्षेत्र = १२५० × अंश ÷ २४. दशांश फक्त शेवटच्या स्तंभात. संगणक आत दोनच्या घातांत मोजतो, त्यामुळे त्याच्यासाठी १/१० सुद्धा न थांबणारा. ०.१ अधिक ०.२ हे बऱ्याच संगणकीय भाषांत ०.३ शी जुळत नाही ते त्यामुळेच. १/८ मात्र त्याला अगदी नेमका कळतो.

कापलेला दशांश ओळखायला कॅल्क्युलेटरवर १ भागिले तो आकडा करा. १ ÷ ०.०४१७ = २३.९८. म्हणजे १/२४ असणार. अंश १ नसेल तर असे चालत नाही, मग संभाव्य छेदाने गुणून पाहा. ०.२९१७ × २४ = ७.०००८, म्हणजे ७/२४. पूर्ण संख्येच्या इतके जवळ आले नाही तर तो छेद सोडा, दुसरा घ्या.

मास्तर_डिचोली

यात एक भर. कापलेल्या दशांशातून काढलेला अपूर्णांक हा अंदाज असतो, पुरावा नव्हे. ०.३३ हे १/३ असेल किंवा खरोखरच ३३/१०० असेल, आकड्याकडे बघून सांगता येत नाही. वरचा_वाडा यांच्याकडे वंशावळ आहे, म्हणून आपल्याला १/३ माहीत आहे. म्हणून कागदावर हिस्सा अपूर्णांकातच राहू द्या. चौरस मीटर लिहिताना शेवटी एकदाच भागाकार करा. मधल्या प्रत्येक पायरीवर दोन स्थळांवर कापत गेलात तर पिढीगणिक फरक साठत जातो. उद्या तुमच्या भावाच्या १/८ चे आणखी वाटे पडतील तेव्हा १/८ ला काही होणार नाही, ०.१३ चे काय होईल ते सांगवत नाही.

शतमानाचाही मोह टाळा. १/८ चे १२.५ टक्के नीट येतात, १/१२ चे ८.३३ टक्के आले की पुन्हा तेच.

सांतिनेजची_आई

लेकीला चौघांतला रुपया विचारला. म्हणाली, "आई, मग प्रश्नच चुकीचा असेल." पण पाचच मिनिटांनी स्वतःच २.३५ खोडून २ पूर्णांक ७/२० लिहून आणले. मास्तर, देव बरें करूं.

वरचा_वाडा

मंडळी, नवा मसुदा आला. काका-काकू ८/२४, आत्या ८/२४, आई २/२४, मी ३/२४, भाऊ ३/२४. खाली क्षेत्र ४१६.६७, ४१६.६७, १०४.१७, १५६.२५, १५६.२५. बेरीज १२५०.०१ येते! आत्या हसली आणि म्हणाली, तो शंभरावा भाग उंदरांना देऊन टाका.

काकांनी मात्र नवीन काढलेय. पाडेली येऊन गेला, पाचशे नारळ उतरले. नारळ काही दशांशात फोडता येत नाहीत. चोवीस भागांचा हिशोब तिथेही चालतो का?

मास्तर_डिचोली

तिथे भागाकार आणि बाकी, एवढेच. ५०० ÷ २४, भागाला २० आणि बाकी २०. काकांकडे १६०, आत्याकडे १६०, आईचे ४०, तुमचे ६०, भावाचे ६०. झाले ४८०. उरले वीस.

काणकोणचा_रंधा

वीस पाडेल्याचे. माडावर कोण चढले होते?

वरचा_वाडा

आत्याही तेच म्हणाली.